प्रगतिपुस्तक कोणासाठी?

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हा भरल्या, की सहामाहीचे निकाल लागतात आणि प्रगतिपुस्तके घरोघर पोचतात. बहुतेक घरांत त्यांचे वाचन दोन मिनिटांत आटोपते. एकूण गुण किती, वर्गात क्रमांक कितवा, लाल शाई कोठे दिसते काय, एवढे पाहून वडील सही करतात. दुसऱ्या दिवशी ते पुस्तक वर्गशिक्षकांच्या कपाटात परत जाते. सही झाली म्हणजे पालकाला कळले, असे शाळा गृहीत धरते. गुण दिसले म्हणजे कळले, असे पालकही समजतो. प्रत्यक्षात कोणाला काय कळले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

नववीतल्या तीन मुलांना गणितात शंभरापैकी ३८ गुण मिळाले असे समजा. पहिल्याची भूमिती उत्तम आहे, पण बीजगणित कच्चे आहे. दुसऱ्याला दोन्ही येतात, परंतु वेळेत पेपर पुरा होत नाही. तिसऱ्याला पाचवीतले अपूर्णांकच समजले नव्हते आणि त्यानंतरचा प्रत्येक मजला त्याच कच्च्या पायावर चढत गेला. तिघांचे दुखणे वेगळे, औषधही वेगळे. पण तिघांच्या घरी गेलेला आकडा एकच. पहिल्याला थोडा सराव पुरेल, तिसऱ्याला चार वर्षे मागे जावे लागेल. शिक्षकाला हे ठाऊक असते, कारण त्याने उत्तरपत्रिका तपासलेली असते. पालकाला मात्र ते कळत नाही. ज्ञान शाळेत आहे आणि गरज घरात आहे. या दोहोंमधील पूल म्हणजे प्रगतिपुस्तक. आणि नेमका तोच पूल खचला आहे.

हे दुखणे आजचे नाही. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने प्रत्येक विद्यार्थ्याच्या सर्वांगीण प्रगतीची शालेय नोंद ठेवावी व अंतिम मूल्यमापनात ती विचारात घ्यावी, असे सुचविले होते. १९६४-६६ च्या कोठारी आयोगानेही शाळांतर्गत मूल्यमापनावर भर दिला. शिफारशी सुज्ञ होत्या. त्या अमलात येताना मात्र एक घोटाळा झाला. मुलाला व पालकाला वाट दाखविणारे मूल्यमापन आणि पुढच्या प्रवेशासाठी उमेदवारांची चाळणी करणारे मूल्यमापन, ही दोन भिन्न कामे एकाच गुणांवर सोपविण्यात आली.

याचा परिणाम महाराष्ट्राने अलीकडेच पाहिला आहे. दहावीच्या भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांत तोंडी परीक्षा, गृहपाठ, स्वाध्याय यांसाठी शाळेच्या हाती २० गुण असत. हे गुण सढळ हाताने वाटले जातात, अशी ओरड झाली आणि २०१८-१९ या वर्षी ते रद्द करण्यात आले. राज्य मंडळाचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्याच वर्षी हे गुण परत देण्यात आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. या चढउताराचे सारे श्रेय वा दोष त्या २० गुणांना देता येणार नाही. २०१९ मध्ये अभ्यासक्रम नवा होता आणि २०२० मध्ये साथीमुळे भूगोलाचा पेपरच झाला नव्हता. तरीही रोख स्पष्ट आहे. पुढे २०२१ मध्ये लेखी परीक्षा रद्द होऊन नववीचा निकाल व दहावीचे शाळांतर्गत गुण यांवरच सारे ठरले, तेव्हा निकाल ९९.९५ टक्के लागला.

यात शिक्षकाला दोषी धरणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. शेजारची शाळा वीसपैकी १९ देत असता प्रामाणिकपणे ११ देणारा शिक्षक आपल्याच विद्यार्थ्याचा प्रवेश धोक्यात घालतो. अर्थशास्त्रात चलनवाढीची जी रीत, तीच येथेही चालते. प्रत्येकाने नोटा छापल्या की नोटेची किंमत उरत नाही. ज्या गुणांवर प्रवेश अवलंबून असतो, ते गुण खरे बोलू शकत नाहीत. मग वीसपैकी १९ मिळविणाऱ्या मुलाला धड वाचता येत नाही, ही गोष्ट पालकाला कळते ती फार उशिरा.

प्राथमिक स्तरावर आकड्यांऐवजी शब्दांचा मार्ग स्वीकारला गेला. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी राज्यात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. आकारिक व संकलित मूल्यमापन, श्रेणी आणि वर्णनात्मक नोंदी अशी त्याची रचना होती. कल्पना चांगली होती. परंतु लवकरच बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका मिळू लागल्या. ‘उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो’, ‘वाचनात प्रगती समाधानकारक’ अशी वाक्ये त्यांतून उतरून शेकडो मुलांच्या नावापुढे पडली. आकडा मुका होता. हे शब्द बोलके असूनही काही सांगत नव्हते.

आठवीपर्यंत अशी गुळगुळीत वाक्ये वाचलेल्या पालकाला नववीत धक्का बसतो. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून काही शाळा नववीतच मुले गाळतात. कच्च्या मुलाला सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसण्याचा सल्ला मिळतो. ‘आधी का नाही सांगितले?’ हा त्या आईबापांचा प्रश्न रास्त असतो. सुस्थितीतील पालक शाळेच्या प्रगतिपुस्तकावर विसंबत नाही. खासगी शिकवणीवाल्याकडून तो दर महिन्याला मुलाची खरी स्थिती विकत घेतो. रोजंदारीवर जाणाऱ्या बापाजवळ शाळेखेरीज दुसरा सल्लागार नसतो. खोट्या प्रगतिपुस्तकाची किंमत म्हणूनच सर्वांत जास्त तोच मोजतो.

उपाय सुचविताना शिक्षकाच्या वेळेचा हिशेब आधी मांडला पाहिजे. साठ विद्यार्थ्यांच्या चार तुकड्या शिकविणाऱ्या विषयशिक्षकाकडे २४० मुले असतात. प्रत्येकासाठी पाच मिनिटे धरली तरी वीस तास होतात. वर्षातून दोनदा म्हणजे चाळीस तास. हा वेळ निवडणुकीच्या याद्या आणि संगणकावर भरावयाची माहिती यांतून सोडवून दिल्याशिवाय खऱ्या नोंदीची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. तो वेळ मिळाला, तर प्रत्येक विषयापुढे तीनच वाक्ये पुरेत : मुलाला काय येते, काय येत नाही आणि पुढील दोन महिन्यांत घरी काय करावे. तपासलेली उत्तरपत्रिकाही सोबत घरी जावी. पालकसभा कामावर जाणाऱ्यांना येता येईल अशा वेळी भरावी आणि ज्याला वाचता येत नाही त्याला ती तीन वाक्ये तोंडी सांगावीत. मुख्य म्हणजे, या नोंदींचा एकही गुण दहावीच्या प्रमाणपत्रात धरला जाऊ नये. तोंडी कामाचे गुण हवेतच असतील, तर ते बाहेरच्या परीक्षकाने द्यावेत.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समग्र प्रगतिपत्रकाचा पुरस्कार केला आहे. त्यात शिक्षकाबरोबरच विद्यार्थ्याचे स्वतःचे आणि सहाध्यायांचेही मूल्यमापन असावे, अशी अपेक्षा आहे. हेतू स्वागतार्ह आहे. पण रकाने वाढले म्हणजे सत्य वाढते असे नाही, हा २०१० नंतरचा धडा आहे. नव्या पत्रकाची कसोटी साधी असावी. ते वाचून आठवी शिकलेल्या आईला आपल्या मुलाला उद्या संध्याकाळी कशाचा सराव करावयास बसवावे, हे कळले पाहिजे. ते कळत नसेल, तर तिच्याकडून सही तरी कशासाठी घ्यावयाची?