टर्बोचार्जरयुक्त इंजिनाच्या एक्झॉस्ट पाइपचा व्यास

टर्बोचार्जरयुक्त इंजिनाचा एक्झॉस्ट पाइप हा टर्बाइनमधून बाहेर पडलेले वायू मोटारीच्या मागील टोकापर्यंत वाहून नेणारा पाइप होय. टर्बोचार्जरच्या तत्त्वाचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये घेतले.

टर्बाइनची शक्ती तिच्या दोन्ही बाजूंच्या दाबांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. पुढील पाइप अरुंद असल्यास प्रतिदाब वाढतो, टर्बाइन उशिरा वेग घेते व इंजिनाची शक्ती घटते. त्यामुळे ‘इंजिनाला थोडा प्रतिदाब आवश्यक असतो’ हा प्रचलित समज येथे लागू पडत नाही. टर्बाइनपूर्वीच्या नळ्या मात्र वायूंचा वेग व उष्णता टिकावी म्हणून तुलनेने अरुंद ठेवतात.

वायूचा प्रवाह तोच असल्यास दाबातील घट साधारणतः व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. अंतर्व्यास अडीच इंचांवरून (६३.५ मिमी) तीन इंच (७६.२ मिमी) केल्यास छेदाचे क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढते, तर घर्षणामुळे होणारी दाबातील घट सुमारे ४० टक्क्यांवर येते.

व्यास वाढवण्यास मर्यादाही आहेत. मोठ्या पाइपमुळे वजन व आवाज वाढतो आणि जमिनीपासूनचे अंतर कमी होते. वेस्टगेट लहान असल्यास प्रतिदाब घटल्यावर भरणदाब अनियंत्रितपणे वाढून पेट्रोल इंजिनात नॉकिंग होऊ शकते. त्यातून पिस्टनची हानी संभवते. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनातील फेरबदलांवर निर्बंध आहेत.