रस्त्याचं भाडं

मिरजेत माझा केबलचा धंदा होता. गच्च्यांवरून वायरी ओढायच्या, खांबांना बांधायच्या, आणि लोकल चॅनलवर वाढदिवसाच्या पट्ट्या नि गणपतीची मिरवणूक दाखवायची. पट्टीचे पैसे घ्यायचो, मिरवणूक फुकट. चॅनल माझं, तेव्हा काय दाखवायचं ते मीच ठरवणार. त्यात कुणालाच वावगं वाटत नसे.

न्यूयॉर्कच्या केबलवाल्यांना ही मुभा नव्हती. मॅनहॅटनमध्ये उंच इमारतींमुळे अँटेनावर चित्र धड येत नसे, म्हणून केबलला गिऱ्हाईक होतं. पण वायर न्यायची तर रस्ता उकरायचा, आणि रस्ता शहराचा. १९७० साली परवाना देताना शहराने अट घातली: काही वाहिन्या लोकांसाठी मोकळ्या सोडा. जुलै १९७१मध्ये अशा दोन सुरू झाल्या. जो आधी येईल त्याला वेळ. मजकुरात कंपनीने नाक खुपसायचं नाही. औदार्य वगैरे काही नाही, सरळ रस्त्याचं भाडं!

नुसती वाहिनी मिळून भागत नाही, चित्रण करता आलं पाहिजे. सोनीचा पोर्टापॅक तेव्हा नवा होता: खांद्याला रेकॉर्डर, हातात कॅमेरा, अर्ध्या इंचाची टेप. कॅनडात लोकांच्या हाती कॅमेरा देण्याचे प्रयोग करून आलेले जॉर्ज स्टोनी आणि रेड बर्न्स या बाईंनी १९७१मध्येच न्यूयॉर्क विद्यापीठात केंद्र काढून सामान्य माणसांना ते यंत्र शिकवलं.

मग जे दिसलं त्यातलं बरंच रटाळ होतं, हे कबूल करायला हवं. पण १९८१चा ‘पेपर टायगर’ हा कार्यक्रम बघा. हर्बर्ट शिलर हे प्राध्यापक भुयारी रेल्वेच्या डब्याचं रंगवलेलं चित्र पाठीशी घेऊन बसतात आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ची चिरफाड करतात. शेवटी कार्यक्रमाला आलेला खर्चही पडद्यावर मांडतात. आम्हा केबलवाल्यांपैकी कोणी असा कार्यक्रम दाखवला असता?

१९७२मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय दळणवळण आयोगाने मोठ्या शहरांतल्या केबलवाल्यांना अशा वाहिन्या सक्तीच्या केल्या; १९७९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सक्ती उडवली. १९८४च्या कायद्याने तोडगा काढला: शहरांनी हवं तर करारात वाहिन्या मागाव्यात, आणि केबलच्या उत्पन्नावर पाच टक्क्यांपर्यंत शुल्क घ्यावं. मॅनहॅटनच्या वाहिन्या १९९२पासून एक ना-नफा संस्था चालवते.

त्याच संस्थेवर टीका करणारी फिल्म दोन निर्मात्यांनी तिच्याच वाहिनीवर दाखवली. पुढे संस्थेने त्यांच्यावर बंदी घातली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१९मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला: संस्था खासगी आहे, अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं घटनात्मक बंधन तिच्यावर नाही. अल्पमताच्या वतीने न्या. सोटोमायर यांनी लिहिलं, की वाहिन्यांवर हक्क शहराचा आहे आणि संस्था केवळ शहराच्या वतीने त्या सांभाळते. मला हेच पटतं. रस्ता ज्याचा, भाडं त्याचं. वसुलीला बसवलेल्या माणसाने ते आपल्या खिशात कसं घालायचं?