रेशनच्या तांदळाचा उलटा प्रवास

गोंदिया जिल्ह्यात धानाची कोठारे आणि उपाशी घरे एकाच गावात सापडतात. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा तांदळाच्या गिरण्यांसाठी ओळखला जातो. तरीही २००६ मध्ये केंद्राने देशातील २५० मागास जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा तीत गोंदियाचे नाव होते. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजना ज्या पहिल्या २०० जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांतही हा जिल्हा होता.

मागील भागात धान खरेदी केंद्रापर्यंत येऊन थांबले होते आणि या भागात सावकारी घेण्याचे ठरले होते. ती एक आठवडा पुढे ढकलावी लागत आहे. आमगाव तालुक्यातील एका वाचकाने विचारले आहे की, गरिबाला फुकट मिळणारा तांदूळ गरीबच विकत असेल, तर भूक आहे असे कशावरून म्हणायचे? हा प्रश्न गावोगावी पारावर ऐकू येतो, बहुधा कुत्सितपणे. त्याचे उत्तर नीट द्यायला हवे.

मार्केटिंग फेडरेशन आणि आदिवासी विकास महामंडळ यांच्या केंद्रांवर खरेदी झालेले धान शासन स्वतः भरडत नाही. ते करार करून खाजगी गिरण्यांना दिले जाते. १०० किलो धानामागे गिरणीने ६७ किलो साधा किंवा ६८ किलो उकडा तांदूळ सरकारी गोदामात जमा करायचा असतो. कोंडा, टरफल आणि कणी गिरणीची. केंद्राने ठरवलेली साध्या तांदळाची भरडाई क्विंटलला अवघी १० रुपये आहे, राज्य त्यात आपली भर घालते. पूर्व विदर्भातील उन्हात, विशेषतः उन्हाळी हंगामात, धान तडकते आणि गिरणीत तुटते. एवढा उतारा पडत नाही ही गिरणीधारकांची जुनी तक्रार आहे. तक्रारीत तथ्य आहे. पण तूट भरून काढण्याची जी वाट काहींनी शोधली, तिची किंमत गरिबाच्या ताटाला मोजावी लागते.

सरकारला हा तांदूळ केवढ्याला पडतो? २०२४-२५ च्या हंगामात साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,३०० रुपये होती. ६७ टक्के उतारा धरला, तर केवळ धानाच्या किमतीपोटी किलोभर तांदूळ ३४ रुपयांच्या वर जातो. बारदाना, हमाली, वाहतूक आणि गोदाम वेगळे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तो ३ रुपये किलोने द्यायचे ठरवले आणि जानेवारी २०२३ पासून तो मोफत झाला. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते, अंत्योदय कुटुंबाला माणसे कितीही असोत, ३५ किलो.

वाचकाच्या प्रश्नाचे उत्तर या ५ किलोंत आहे. महिन्याला ५ किलो म्हणजे दिवसाला १६७ ग्रॅम. त्यातून सहाशेच्या आतच उष्मांक मिळतात. नियोजन आयोगाने गरिबीची रेषा आखताना ग्रामीण माणसाला दिवसाला २,४०० उष्मांक लागतात असे धरले होते. रोवणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकून राहणाऱ्या बाईची गरज तर याहून कमी नसतेच. म्हणजे रेशन पुरे दोन वेळचे जेवणही नाही. त्यातून शिल्लक उरण्याचा प्रश्न येतो तो फार तर दोन माणसांच्या अंत्योदय कुटुंबात. बाकीची घरे विकतात ते पोटातले काढून विकतात. तेल, मीठ, तिखट, डाळ, दवाखान्याची चिठ्ठी, एसटीचे भाडे, मुलाची वही, यांतले काहीच रेशन दुकानात तांदळाच्या बदल्यात मिळत नाही. रोवणी आणि कापणी यांच्या मधल्या दिवसांत हाताला काम नसते, रोकड नसते; घरात विकण्याजोगी वस्तू असते ती हीच. अल्पभूधारकाच्या धानाचे चुकारे अडकले, तर तोही याच रांगेत येतो. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या ग्रंथात दाखवून दिले की, उपासमारीचा प्रश्न बाजारात धान्य किती आहे यापेक्षा माणसाला ते मिळवण्याची ऐपत आणि हक्क किती आहे, याचा असतो. गोंदियात त्याचा पडताळा भर सुगीत येतो.

विकलेला तांदूळ फेरीवाला किंवा किराणा दुकानदार बाजारभावापेक्षा बराच स्वस्त घेतो. तेथून तो मोठ्या व्यापाऱ्याकडे जातो. यातला काही माल परराज्यात जातो. पण सर्वांत घातक वाट गिरणीकडे जाते: सरकारी धान भरडून निघालेला चांगला तांदूळ खुल्या बाजारात विकायचा आणि त्याच्या जागी स्वस्तात जमवलेला रेशनचा तांदूळ गोदामात जमा करायचा. असे झाले की एकाच तांदळासाठी सरकार दुसऱ्यांदा पैसे मोजते आणि तोच दाणा, अधिक जुना, अधिक फुटलेला, पुन्हा त्याच घराच्या शिधापत्रिकेवर येतो. सगळ्याच गिरण्या हे करत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. सचोटीने भरडाई करणाऱ्याला या स्पर्धेत तोटाच होतो.

पोत्यातून निघालेल्या तांदळाला नावगाव नसते, म्हणून ही फसवणूक पकडणे अवघड वाटते. प्रत्यक्षात साधन आहे. मिथाइल रेड आणि ब्रोमोथायमॉल ब्लू या रंगद्रव्यांच्या मिश्रणात ताजा तांदूळ हिरवा दिसतो. तो जुना होत जातो तसा त्यातील आम्लता वाढते आणि रंग पिवळा, मग नारिंगी होतो. भारतीय अन्न महामंडळ ही चाचणी वापरते. ती दर खेपेला प्रामाणिकपणे झाली, तर जुना तांदूळ गोदामाच्या दारातच अडेल.

कायद्याचीही कमतरता नाही. १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्यात ३ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. बातमी मात्र येते ती पकडलेल्या वाहनाची. माल कोणी भरला आणि कोणाकडे चालला होता, हे क्वचितच छापून येते. अन्न सुरक्षा कायद्याने राज्यापासून रेशन दुकानापर्यंत दक्षता समित्या नेमल्या, त्यांत दलित, आदिवासी, महिला आणि निराधार यांना स्थान दिले. सामाजिक अंकेक्षण सांगितले. जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि राज्य अन्न आयोग दिला. यांतील दक्षता समितीची बैठक आपल्या गावात शेवटची कधी झाली, हे गावातल्या शिकल्यासवरलेल्या माणसांना ठाऊक नसते, कारण ती मंडळी रेशनचा तांदूळ खात नाहीत. गुन्ह्याला सर्वांत मोठा आसरा मिळतो तो इथे. ज्याला लिहिता-बोलता येते त्याचा या तांदळाशी संबंध उरलेला नाही, आणि ज्याचा संबंध आहे तो दुकानदाराशी वाकडे घेऊ शकत नाही.

तांदूळ विकण्याचे आणखी एक कारण अलीकडचे आहे. मध्यंतरी रेशनच्या तांदळात १०० दाण्यांमागे एक या प्रमाणात पोषणयुक्त दाणा मिसळला जाऊ लागला. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व घालून तो यंत्राने घडवलेला असतो. त्याचा रंग थोडा वेगळा दिसतो, म्हणून ‘प्लास्टिकचा तांदूळ’ अशी अफवा पसरली आणि निवडताना बाया नेमके तेच दाणे वेचून टाकू लागल्या, काही घरे तर तो तांदूळच विकू लागली. अफवा खोटी असली, तरी अविश्वास निराधार नव्हता: आजवर आलेल्या तांदळानेच तो शिकवला होता.

पूर्व विदर्भात एक प्रश्न याहून गंभीर आहे. गोंदियासह या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. सिकलसेलच्या रुग्णांनी लोहयुक्त केलेले अन्न घेऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापण्याचे बंधन पूर्वी होते. पुढे तज्ज्ञांच्या समितीने ही सूचना अनावश्यक ठरवली आणि २०२४ मध्ये ती काढली गेली. पण ती होती तेव्हाही गोणीवर होती, आणि तांदूळ गोणीतून सुटा मोजून पिशवीत पडत होता. देवरी किंवा सालेकसा तालुक्यातील रुग्णाच्या घरापर्यंत ती पोहोचण्याची सोयच नव्हती. समितीचा निर्णय बरोबर असेल, तर तो का बरोबर आहे हे या घरांना गोंडी, छत्तीसगढी, मराठी, ज्या भाषेत समजेल त्या भाषेत आरोग्य सेविकेने जाऊन सांगायला हवे. रेशनबद्दल तक्रार असलेल्यांसाठी १९६७ हा मदत क्रमांक आहे. तो प्रत्येक दुकानाबाहेर ठळक लिहिलेला असावा.

सावकारी पुढील भागात.