मेडिकलच्या काउंटरमागे कोण उभे आहे?

ताप आला, खोकला झाला की आपण वस्तीतले लोक आधी ‘मेडिकल’वर जातो. डॉक्टरची फी वाचते, कामाचा खाडा होत नाही. काउंटरमागे जो असेल त्याला आपण ‘केमिस्ट’ म्हणतो आणि तो देईल ती गोळी घेतो. पण तो शिकलेला किती, हे आपण विचारतो का?

१९४८च्या फार्मसी कायद्यानुसार दुकानात डॉक्टरच्या चिठ्ठीवरची औषधे नोंदणीकृत फार्मासिस्टनेच किंवा त्याच्या देखरेखीखाली द्यायची असतात. त्यासाठी बारावी विज्ञाननंतर दोन वर्षांचा डी. फार्म. आणि ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण, किंवा चार वर्षांचा बी. फार्म. करावा लागतो. सहा वर्षांचा फार्म. डी. हाही अभ्यासक्रम आहे. शिवाय राज्याच्या फार्मसी कौन्सिलमध्ये नोंदणी लागते. रसायनशास्त्रात एम. एस्सी. झालेला माणूस मोठा रसायनतज्ज्ञ असेल, पण तेवढ्यावर त्याला औषधे देता येत नाहीत.

दुकानाची पाटीही काही सांगते. नियमाप्रमाणे ‘केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स’ लिहिलेल्या दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट हवाच. ज्याला फार्मासिस्ट लागत नाही अशा परवान्याच्या दुकानाने ‘ड्रगस्टोअर’ लिहायचे असते. परवाना लोकांना दिसेल अशा जागी लावणे बंधनकारक आहे.

एवढी चौकशी कशासाठी? शेड्यूल ‘एच-१’मध्ये काही जोरदार अँटिबायोटिक्स आणि टीबीची औषधे येतात. ती चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. डॉक्टरचे व रुग्णाचे नाव, औषध आणि किती दिले याची नोंद दुकानदाराने वहीत करायची आणि ती वही तीन वर्षे जपायची. यातली काही अँटिबायोटिक्स टीबीच्या जंतूंवरही थोडी चालतात. खोकल्यावर तशा गोळ्या घेतल्या की चार दिवस बरे वाटते, टीबी मात्र आत तसाच राहतो, उशिरा सापडतो, आणि तोवर घरातल्या लेकरांना लागलेला असतो. दाट वस्तीत, एका खोलीत सहा माणसे झोपतात तिथे, ही वाचवलेली फी फार महाग पडते.

म्हणून आपण एवढे करू या.

• ‘फार्मासिस्ट कोण आहे?’ असे न लाजता विचारू या.

• पुडीत बांधलेल्या सुट्या गोळ्या घेऊ नयेत. पट्टी कापून घेतली तर औषधाचे नाव आणि मुदतीची तारीख पाहून घ्यावी.

• बिल मागावे आणि जपून ठेवावे. तक्रार करायची झाल्यास ते अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात कामी येते.

• दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर मेडिकलवर न जाता सरकारी दवाखाना गाठावा. तिथे टीबीची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात.

आणि आपल्या वस्तीत बारावी विज्ञान झालेली मुलगी किंवा मुलगा असेल, तर त्यांना डी. फार्म.ची माहिती जरूर द्यावी. काउंटरमागे आपलेच शिकलेले लेकरू उभे राहिले, तर पुडीत काय आहे हे ते आपल्याला आपल्या भाषेत समजावून सांगेल.