फाउंटनची देवी आणि यादीतली नावे

चर्चगेटला गाडीतून उतरून कोर्टाकडे किंवा बँकेकडे निघालेला मुंबईकर आजही ‘फाउंटनवरून जातो’ असेच म्हणतो. चौकाचे नाव बदलल्याला सहा दशके उलटून गेली, पाटीवर ‘हुतात्मा चौक’ लिहिलेले आहे, तरी बोलण्यातले फाउंटन काही जात नाही. यात हुतात्म्यांचा अपमान आहे असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. त्या कारंज्याचा इतिहासच असा आहे, की तेथे ठरवून दिलेले नाव फारसे टिकत नाही. पहिले नाव तर साहेबाचे होते, तेही टिकले नाही.

हे कारंजे मुळात ज्याच्या सन्मानार्थ उभे करायचे घाटत होते तो गृहस्थ म्हणजे सर बार्टल फ्रियर. १८६२ ते १८६७ या काळात तो मुंबईचा गव्हर्नर होता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यामुळे आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि मुंबईच्या पेढ्यांमध्ये पैसा मावत नव्हता. फ्रियरने त्या भरात किल्ल्याची तटबंदी पाडायला काढली. तटाला तीन दरवाजे होते; त्यातला चर्चगेट म्हणजे सेंट थॉमस चर्चकडे जाणारा दरवाजा. तो जेथे उभा होता, तेथेच आज फ्लोरा उभी आहे. दरवाजा गेला, पण त्याचे नाव पुढे समुद्राकडे सरकून रेल्वे स्टेशनाला जाऊन चिकटले. मुंबईत नावांचे असे होते.

फुलांची रोमन देवता या वर्दळीत कशी येऊन पडली, याचेही उत्तर आहे. कारंज्याचा घाट घातला तो पश्चिम हिंदुस्थानच्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीने, म्हणजे शेती आणि बागांची हौस असणाऱ्या मंडळींनी. ते बसवायचे होते व्हिक्टोरिया गार्डन्समध्ये, म्हणजे आपल्या राणीच्या बागेत. बागेत फुलांची देवी शोभली असती. खर्च आला सुमारे ४७,००० रुपये. त्यातले २०,००० कर्सेटजी फर्दुनजी पारेख या पारशी गृहस्थाने दिले. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ या पुढे इंग्लंडात फार नावाजलेल्या वास्तुकाराचा, कोरीवकाम जेम्स फॉर्सिथचे, आणि दगड इंग्लंडातल्या पोर्टलंडचा. कारंज्याशी जोडलेले साल आहे १८६४. फ्रियरचे नाव मात्र लोकांच्या तोंडी बसलेच नाही. लोकांनी वर उभी असलेली बाई पाहिली आणि तिचेच नाव घेतले.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. कारंजे उडवायला पाणी लागते, आणि विहिरी-तळ्यांवर जगणाऱ्या मुंबईला नळाचे पाणी मिळाले ते १८६० साली, विहार तलावामुळे. त्याआधीची वर्षे पाण्याच्या टंचाईची होती. तेव्हा चार वर्षांनी भर रस्त्यात नुसते शोभेसाठी पाणी उडताना पाहणाऱ्याला त्या काळी काय वाटले असेल, याची कल्पना करावी.

याच सुमारास आजच्या रीगल सिनेमासमोर दुसरे कारंजे उभे राहिले, १८६५ साली, ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या स्मरणार्थ. फ्लोरापासून वेलिंग्टनपर्यंत महात्मा गांधी रस्त्याने चालत दहा-बारा मिनिटे लागतात. एवढ्याच अंतरावरून २१ नोव्हेंबर १९५५ रोजी रक्त सांडले.

मुंबई राज्याचे विधिमंडळ तेव्हा वेलिंग्टन कारंज्याशेजारच्या, मूळ खलाशांसाठी बांधलेल्या इमारतीत भरत असे. आज तेथे पोलीस मुख्यालय आहे. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला होता आणि मुंबई महाराष्ट्राला न देण्याचे घाटत होते. १८ नोव्हेंबरला सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली विधिमंडळावर मोर्चा निघाला. २० तारखेला चौपाटीवर मुख्यमंत्री मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा झाली. त्यांच्या भाषणांनी लोक खवळले आणि सभा उधळली गेली. दुसऱ्या दिवशी गिरण्यांचे भोंगे वाजले, पण कामगार आत गेले नाहीत. लालबाग-परळकडून लोंढे निघाले ते फाउंटनवर येऊन थडकले. पुढे बंदी होती. लाठ्या झाल्या, अश्रुधूर झाला आणि मग गोळीबार. त्या दिवशी १५ माणसे गेली.

पुढे जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा पंडित नेहरूंनी केली, तेव्हा याहून कितीतरी अधिक माणसे मेली. पण लोकांच्या मनात आंदोलनाचे ठिकाण ठरले ते फाउंटनच. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, त्याच वर्षी चौकाला हुतात्म्यांचे नाव मिळाले, आणि पुढे फ्लोरापासून हाकेच्या अंतरावर मशाल धरलेल्या शेतकरी-कामगाराचे शिल्प उभे राहिले. कलेच्या दृष्टीने दोन्ही शेजारी परस्परांना अगदीच परके आहेत. एकीचे वस्त्र पोर्टलंडच्या दगडात सुरेख चुण्या घेऊन उतरलेले, तर दुसरीकडे नुसता ताठरपणा. पण गर्दी थांबते ती दुसऱ्यापुढे.

गर्दी थांबते, पण यादी वाचत नाही, ही माझी तक्रार आहे. ‘१०५ हुतात्मे’ हा आकडा प्रत्येक मराठी माणसाला पाठ असतो. पुढे तो १०६ झाला, १०७ही म्हटला जातो, आणि भाषणात कोणता म्हणावा यावर वाद होतात. नावे मात्र कुणाला येत नाहीत. ती वाचली म्हणजे मनातले चित्र हलते. यादीच्या सुरुवातीलाच सीताराम बनाजी पवार आहेत, जोसेफ डेव्हिड पेजारकर आहेत आणि त्यांच्याच सोबतीला चिमणलाल डी. शेठ आहेत. जरा पुढे गेलात की के. जे. झेवियर भेटतात, पी. एस. जॉन भेटतात. मराठी विरुद्ध गुजराती अशी साधी मांडणी करून ज्यांना या आंदोलनाच्या गोष्टी सांगायच्या असतात, त्यांची पंचाईत ही यादी करून ठेवते.

फ्लोराचेही मधल्या काळात हालच झाले. तिच्या अंगावर पांढऱ्या तैलरंगाचे लेप चढवले गेले. दगडाची नक्षी त्याखाली बुजली, पाणी बंद पडले. २०१६ नंतर महापालिकेने दुरुस्ती हाती घेतली, विकास दिलावरी यांच्यासारख्या जाणकार वास्तुकाराची मदत घेतली, रंग खरवडला, आणि जानेवारी २०१९ मध्ये कारंजे पुन्हा सुरू झाले. या काळात, २०१७ साली, भोवतालचा रस्ता खणताना जुन्या ट्रामचे रूळ निघाले. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली. म्हणजे ते १५ जण पडले, तेव्हा ट्राम याच चौकातून जात होत्या.

दरवर्षी २१ नोव्हेंबरला आणि १ मे रोजी सकाळी मंत्री येतात, पुष्पचक्रे वाहतात. गाड्या निघून गेल्यावर, दहाच्या सुमारास, थोडी मोकळी जागा मिळते. तेव्हा तेथे उभे राहून यादीच्या शेवटाकडे जावे. मुंबईबाहेरची नावे तिथे आहेत. मारुती बेन्नाळकर आणि मधुकर बांदेकर, दोघे बेळगावचे. आणि कमलाबाई मोहिते, निपाणीच्या. निपाणी आणि बेळगाव आजही कर्नाटकात आहेत.