सात वाजताचा भोंगा

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. तेथे ऑगस्ट २०२२ पासून रोज सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद. साडेआठचा दुसरा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा. कोरोनाच्या काळात शाळेसाठी हाती आलेला मोबाईल पुढेही सुटेना, म्हणून गावाने हा उपाय काढला.

'मनावर ताबा ठेव' एवढे सांगून का भागत नाही? पुस्तकाचे पान संपते, मोबाईलचा पडदा मात्र संपत नाही. बोट सरकवले की नवे काही येतच राहते. ही युक्ती २००६ साली एझा रास्किन यांनी काढली आणि पुढे तिच्या परिणामांबद्दल त्यांनीच खेद व्यक्त केला. २००९ मध्ये फेसबुकवर 'लाईक'चे बटण आले. किती लाईक मिळतील हे आधी कळत नसते, म्हणून आपण पुन्हा पुन्हा डोकावतो. इतरांचे निवडक आनंदाचे क्षण पाहून 'आपणच मागे पडलो' असे अनेकांना वाटू लागते. रात्री हे चालले की झोप जाते. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी. ती अपुरी राहिली की चिडचिड होते, अभ्यासात लक्ष लागत नाही.

वडगावच्या उपायाचे मर्म असे, की नियम एकट्या मुलाला नव्हता. मित्रही ऑनलाईन नसला, तर आपले काही चुकले असे वाटत नाही. बाबांच्या हातातही मोबाईल नसला, तर मुलांना तक्रारीला जागा उरत नाही.

आपल्या घरी भोंगा नाही, पण घड्याळ आहे. एक तास ठरवू या. त्या वेळात सर्वांचे मोबाईल एकाच फळीवर ठेवावेत. जेवताना मोबाईल नको. रात्री तो झोपण्याच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावावा आणि उठण्यासाठी साधे गजराचे घड्याळ घ्यावे. शाळेच्या सूचना सातच्या आत व्हॉट्सअ‍ॅपवर याव्यात, अशी विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे.

विद्यार्थी मित्रांनो, मोबाईलवरील एखाद्या गोष्टीने मन फार खचले, तर ते मनात ठेवू नका. आईवडिलांशी किंवा शिक्षकांशी बोला. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही विनामूल्य आहे. मदत मागण्यात कमीपणा नाही.