एकशे सोळा ग्रॅमची करामत

कॅमेरा ही कोल्हापूरला परकी वस्तू नाही. आनंदराव आणि बाबुराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाच्या यंत्राने झपाटले गेले. १९१६ साली आनंदराव गेले. बाबुरावांनी मात्र ध्यास सोडला नाही. सहकारी दामल्यांना हाताशी धरून, सुटे भाग कातून-घासून त्यांनी चलच्चित्राचा कॅमेरा पुरा केला, आणि १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट पडद्यावर आला. खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ त्याच परंपरेचा मानकरी आहे. गावातल्या माणसांनी कॅमेरा उघडून पाहिला, समजून घेतला आणि मग वापरला. आज मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा घेताना त्यावर रोज राहणारी छोटी झूम लेन्स कोणती असावी, हा प्रश्नही असाच आत डोकावून सोडवावा असे मला वाटते. नुसता किमतीचा तक्ता पाहून तो सुटत नाही.

बाबुरावांच्या काळातल्या कॅमेऱ्यांना झूम नव्हता. भिंगाचे नाभीय अंतर, म्हणजे आपण ज्याला फोकल लेंथ म्हणतो ते, कायमचे ठरलेले असे. नटीचा चेहरा मोठा हवा असेल तर तिपाईसकट कॅमेरा पुढे न्यायचा, नाहीतर भिंगच बदलायचे. बदलत्या फोकल लेंथची कल्पना कागदावर मात्र होती. क्लाइल ॲलन यांना अमेरिकेत १९०२ सालीच तिचे पेटंट मिळाले होते. सिनेमाच्या कामाला खरोखर उपयोगी पडणारे ‘कुक वारो’ हे ४० ते १२० मिमीचे भिंग १९३२ साली आले. त्याच वर्षी कोल्हापुरात बनलेला प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा चित्रपट लोकांनी पाहिला. ३५ मिमी फिल्मच्या साध्या फोटोंच्या कॅमेऱ्यासाठी झूम यायला १९५९ उजाडले. ते होते ‘फोक्टलेंडर झूमार’, ३६ ते ८२ मिमी, आणि त्यात चौदा भिंगे होती.

आता सोनीची १६-५० मिमी ही लेन्स हातात घ्या. २०१२ साली जाहीर झालेली ही लेन्स अनेकांना कॅमेऱ्यासोबतच मिळाली, आणि म्हणूनच ‘किट लेन्स’ म्हणून हिणवली गेली. वजन ११६ ग्रॅम. मिटलेली असताना जाडी २९.९ मिमी. तेवढ्यात आठ गटांत बसवलेली नऊ भिंगे, फोकसची मोटर, झूमची मोटर, हात हलला तर तो सावरून घेणारी यंत्रणा आणि प्रकाशाचे दार लहानमोठे करणाऱ्या पात्या. ही वस्तू हिणवण्याजोगी खासच नाही.

झूम चालतो कसा, हे एकदा नीट कळले की निवड निम्मी सोपी होते. रोजच्या वापराच्या पुष्कळ छोट्या झूममध्ये दोन मुख्य गट असतात. पुढचा गट प्रकाश फाकवतो, मागचा तो गोळा करतो. दोघांमधले अंतर जास्त असते तेव्हा दृश्य रुंद दिसते. ते जवळ आले की फोकल लेंथ वाढते आणि दूरचे जवळ भासते. पण नुसते अंतर बदलले तर प्रतिमा सेन्सरच्या पुढे-मागे सरकेल आणि सगळे धूसर होईल. म्हणून मागचा गट सरळ पुढे सरकत असताना पुढच्या गटाला आधी मागे, मग पुन्हा पुढे, अशी वाकडी चाल चालावी लागते. जुन्या १८-५५ प्रकारच्या बऱ्याच लेन्सवर ही चाल डोळ्यांनी दिसते. कडे सावकाश फिरवा. नळी आधी आत जाते, मधल्या एका आकड्यावर सर्वांत आखूड होते, आणि पुढे पुन्हा बाहेर येऊ लागते. एकात एक बसलेल्या नळ्यांवर नागमोडी खाचा कापलेल्या असतात आणि गटांना जोडलेल्या खुंट्या त्या खाचांतून सरकतात. त्या खाचेचा आकार म्हणजे गणिताने आखलेली वक्ररेषा. ती जराशी चुकली तरी फोटो बिघडतो.

दुसरे आश्चर्य काचेच्या पृष्ठभागावर आहे. साधी काच तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशातला सुमारे चार टक्के प्रकाश प्रत्येक पृष्ठभागावर परतवते. आठ गटांचे पृष्ठभाग होतात सोळा. म्हणजे काच उघडी ठेवली तर जवळपास निम्मा प्रकाश वाटेतच संपेल, आणि त्यातला काही आतल्या आत इकडून तिकडे आपटत चित्रावर पांढुरकी साय धरेल. हे टाळणारा अतिपातळ थर काचेवर चढवण्याची रीत झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली काढली. संध्याकाळी रंकाळ्यावर सूर्य समोर असताना संध्यामठाचा काळा आकार स्वच्छ उमटतो, तो या न दिसणाऱ्या थरांच्या जोरावर. लेन्सच्या टोकाला सावली धरणारे हूड लावले तर आणखी बरे.

या लेन्स इतक्या चपट्या झाल्या त्याला काही कारणे आहेत. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये हलणारा आरसा असे, त्याला जागा लागे. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये लेन्स अडकवायच्या कड्यापासून फिल्मपर्यंतचे अंतर ४६.५ मिमी होते, नव्या झेड माउंटमध्ये ते १६ मिमी आहे. आरसा गेला आणि भिंगांना सेन्सरच्या अगदी जवळ जाता आले. त्यात अगोलीय भिंगांची भर पडली. गोलाच्या तुकड्यासारख्या वळणाच्या साध्या भिंगातून मध्यावरचे किरण आणि कडेचे किरण एकाच बिंदूवर येत नाहीत. हा दोष सावरायला पूर्वी दोन-तीन जादा भिंगे घालावी लागत. वळण कडेकडे हळूहळू बदलत नेले की एकच भिंग ते काम करते. सोनीच्या त्या लेन्समध्ये नवापैकी चार भिंगे अगोलीय आहेत.

तिसरा मार्ग सॉफ्टवेअरचा. रुंद टोकाला सरळ रेषा बाहेरच्या बाजूला फुगतात. भवानी मंडपासमोर उभे राहून १६ मिमीवर फोटो घेतला तर कडेचा खांब धनुष्यासारखा वाकलेला यावा. लेन्स बनवणारा हा दोष काचेत पुरता न सुधारता कॅमेऱ्यातल्या गणितावर सोपवतो, आणि आपल्याला दिसणारे चित्र आधीच ताणून सरळ केलेले असते. काहींना ही लबाडी वाटते. मला वाटत नाही. दोष सुधारायला काच वापरली काय किंवा गणित, फोटो सरळ आला पाहिजे. फक्त किंमत कुठे मोजली हे ठाऊक असावे: कोपरे ताणले जातात, तिथला बारीक तपशील मऊ पडतो. भिंतभर मोठी छपाई करणाऱ्याने कोपरे तपासावेत, घरच्या अल्बमसाठी चिंता नको.

खरी किंमत मोजली जाते ती उजेडात, आणि रोजची लेन्स निवडताना माझ्या मते सर्वांत जास्त विचार याचाच करावा. एफचा आकडा म्हणजे फोकल लेंथ भागिले प्रकाशाच्या दाराचा व्यास. ५० मिमीवर एफ ५.६ म्हणजे जेमतेम नऊ मिमीचे दार. एफ २.८ म्हणजे अठरा मिमीचे. व्यास दुप्पट, क्षेत्रफळ चौपट, म्हणून प्रकाशही चौपट.

गंगावेश किंवा मोतीबाग तालमीत सकाळी जोर चालू असताना उभे राहून पाहा. खिडकीतून येणारा उजेड हौद्याच्या एका कडेला पडलेला असतो, बाकी तांबड्या मातीवर सावली. पैलवान पट काढायला झेपावतो तो क्षण सेकंदाच्या छोट्या अंशात संपतो. समजा, एफ ५.६ वर इथे साठाव्या हिश्शाचा शटर मिळतो. त्यात खांदा फराटा होऊन येईल. एफ २.८ वर त्याच उजेडात अडीचशेव्या हिश्शाच्या जवळ जाता येते आणि अंगावर उडालेली माती कणाकणाने टिपता येते. हात सावरणारी यंत्रणा इथे कामाची नाही. ती आपला हात स्थिर करते, पैलवानाला नाही. रात्री महाद्वार रोडवरच्या दुकानांच्या पाट्या, पन्हाळ्याच्या अंबरखान्यातला काळोखा गारवा, म्हणजे जिथे समोरचे काही हलत नाही, तिथे ती यंत्रणा सोन्यासारखी.

दुसरी गोष्ट रुंद टोकाची. १६ आणि १८ मधले दोन मिमी क्षुल्लक वाटतात, पण ते तसे नाहीत. सोनी, निकॉन, फुजीफिल्मच्या एपीएस-सी सेन्सरवर तीन मीटर अंतरावरून १६ मिमीत सुमारे ४.४ मीटर रुंदीचे दृश्य मावते, १८ मिमीत ३.९ मीटर. कॅननचा सेन्सर थोडा लहान, त्यामुळे १८ मिमीवर तिथे ३.७ मीटरच. पेठांतल्या चिंचोळ्या बोळात मागे सरकायला भिंत असते. घरच्या बारशाला सोप्यात सगळे गोतावळ्यासकट बसलेले असतात. तेव्हा ज्या अर्ध्या मीटरात आजी बसलेली असते तो फार मोलाचा. दूरच्या टोकाला थोडे कमी पडले तर दोन पावले पुढे जाता येते, म्हणून रुंद टोक आधी बघावे असे मी आग्रहाने सांगेन. फुजीफिल्मची १५-४५ (१३५ ग्रॅम) या हिशेबात उजवी ठरते. निकॉनची १६-५० देखील १३५ ग्रॅमच, मिटलेली ३२ मिमी. कॅननची १८-४५ ही १३० ग्रॅमची. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घेणाऱ्यांसाठी सोनीची २८-६० फक्त १६७ ग्रॅम आहे. आकाराने मोहक, पण २८ वरून सुरू होते, आणि कोल्हापूरच्या गल्ल्यांत मला ती अपुरी वाटते. पॅनासॉनिकची १२-३२ तर सत्तर ग्रॅमची, २४ मिमी जाडीची. ती आणखी लहान सेन्सरसाठी आहे आणि फुल फ्रेमच्या २४-६४ एवढे दृश्य देते.

या सर्वांच्या शेजारी सिग्माची १८-५० एफ २.८ ठेवून पाहावी. २०२१ साली आली, माउंटप्रमाणे वजन २८५ ते ३०० ग्रॅम, आणि एफ २.८ दोन्ही टोकांना कायम. रुंद टोकाला ती सेन्सरपासून बारा सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस करते, चौकटीत साडेसहा सेंटिमीटरची रुंदी भरते. सोनीच्या छोट्या लेन्समध्ये चौकटीची ही रुंदी अकरा सेंटिमीटरच्या आसपास थांबते. चप्पल लाइनमध्ये याचा अर्थ असा: सोनीत चपलेचा अंगठा आणि पट्टा येतो, सिग्मात वेणीचा एकेक पदर, चामड्याच्या दोऱ्याचे टाके आणि सुईने पडलेले भोक दिसते. हात सावरणारी यंत्रणा मात्र तिच्यात नाही. कॅमेऱ्यातच ती असेल, किंवा हलणाऱ्या माणसांचे फोटो जास्त काढायचे असतील, तर मी ही घेईन. कॅमेरा दुचाकीच्या डिकीत किंवा ऑफिसच्या पिशवीत रोज न्यायचा असेल तर चपटी लेन्स घ्यावी आणि मन खट्टू करून घेऊ नये.

खासबाग मैदानातली कुस्ती मात्र या दोन्हींना झेपणार नाही. पंचवीस मीटरवरून ५० मिमीत पैलवान चौकटीच्या उंचीच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढा दिसतो. तिथे मैदान, गर्दी आणि आभाळ टिपावे. डावासाठी लांब पल्ल्याची लेन्स वेगळी.

मोटरवर चालणाऱ्या झूमची एक सवय करून घ्यावी लागते. कॅमेरा चालू केल्यावर नळी बाहेर येईपर्यंत क्षणभर थांबावे लागते. व्हिडिओत हाच झूम संथ, एकसारखा सरकतो, हा त्याचा फायदा. हाताने फिरवायच्या झूमला थांबणे नाही.

मग धूळ आणि ओल. नळी आत-बाहेर होणारी लेन्स श्वास घेते. बाहेर जाताना हवा ओढते आणि हवेबरोबर जे असेल ते. जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलालाचा थर सगळ्या डोंगरावर असतो आणि तो गुलाल पिठाहून बारीक. तिथे एका आकड्यावर झूम ठेवून, कडे न फिरवता काम करावे, लेन्स बदलू तर मुळीच नये. गुऱ्हाळात वेगळी अडचण. काहिलीतून वाफ उठत असते, गुळव्या पाक ढवळत असतो, आणि बाहेरच्या पहाटेच्या थंडीतून आत नेलेल्या लेन्सवर झटकन दव धरते. फडक्याने पुसत बसू नये. कॅमेरा पिशवीतच ठेवून आतल्या उबेला येऊ द्यावा, मग बाहेर काढावा. वाफेत साखरेचे चिकट कण असतात, म्हणून समोरच्या काचेवर साधा संरक्षक फिल्टर लावलेला बरा.

दुकानात लेन्स घेताना एक परीक्षा जरूर करावी. एकाच मॉडेलच्या दोन लेन्स तंतोतंत सारख्या नसतात, कारण एवढ्या छोट्या नळीत एखादा गट केसभर कलला तरी एक कोपरा बिघडतो. भिंतीवर वर्तमानपत्राचे पान सपाट चिकटवा, कॅमेरा तिपाईवर भिंतीशी समांतर लावा, आणि दोन्ही टोकांना एकेक फोटो घ्या. पडद्यावर मोठे करून चारही कोपऱ्यांतली अक्षरे वाचा. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर तो त्या रचनेचा स्वभाव; तीन धारदार आणि एक पुसट असेल तर दुसरा नग मागावा. जुनी लेन्स घेत असाल तर मागून बॅटरीचा उजेड टाकून आत पाहावे. कोळिष्टकासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे.

आमच्या पावसाळ्यात बुरशी लवकर धरते. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवावा, काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांत राहील असे पाहावे. लेन्स चामड्याच्या पाकिटात बंद करून कपाटात ठेवू नये, चामडे ओल धरून ठेवते. सलग पावसाचे आठवडे असतील तर अधूनमधून ती बाहेर काढून झूम दोन्ही टोकांपर्यंत फिरवावा.